शेषेरावाचा पहिला मका

रेणापूरच्या अलीकडं शेषेरावाचं रान आहे आणि त्याला लागून गुरुपादप्पाचं. गेल्या साली गुरुपादप्पानं मशीननं मका काढला. धांडं बारीक होऊन रानभर पसरली, ती त्यानं ना पेटवली ना गोळा केली. त्यातच हरभरा पेरून टाकला. लोक हसले. मग ओल टिकून हरभरा असा माजला की शेषेरावाच्या घशाखाली भाकर उतरेना. त्यात बायकोनं, कस्तुराबाईनं, वाढता वाढता विचारलं, "आप्पाचा हरभरा बघितलाव का?" शेषेराव अर्ध्या भाकरीवरून उठला.

यंदा मशीन पहिलं आपल्याच रानात शिरणार, असं त्यानं ठरवलं. नुकताच पाऊस होऊन गेला होता. गुरुपादप्पा रान वाळायची वाट बघत बसला होता, तेवढ्यात शेषेरावानं मशीन आणलंसुद्धा, तेही नवा पांढरा सदरा घालून.

मशीनवाला रामलिंग भला माणूस. ट्रॉली सडकेलाच राहू द्या, टाकी भरली की मीच कडेला येऊन ओततो, ओल्या रानात दोन दोन गाड्या नकोत, असं त्यानं सांगून बघितलं. पण तेवढ्या खेपांत आप्पाचं रान वाळलं म्हणजे? शेषेरावानं ट्रॉली जोडून ट्रॅक्टर मशीनच्या बाजूनं पळवला. वळायचा तोही मुद्दाम आप्पाच्या धुऱ्याकडून, बांधापलीकडून त्याला दिसावं म्हणून.

भरलेली ट्रॉली रानाच्या मधोमध बसली, म्हैस डबक्यात बसावी तशी.

शेषेरावानं रामलिंगला ट्रॅक्टरवर बसवलं आणि धांडं चाकाखाली घालून स्वतः मागून रेटा दिला. चाकानं धांडं आणि चिखल दोन्ही त्याच्या सदऱ्यावर थुंकले. त्यानं आणखी धांडं आणली. असं करता करता हरभऱ्यासाठी राखायचं सगळं पांघरूण त्या एका खड्ड्यात गेलं. मग ओढायला मशीन लावलं, तर तेही फसलं.

शेवटी गुरुपादप्पा आला. शेषेरावाला वाटलं, आपण बी त्या खड्ड्यातच बसावं. आप्पानं ट्रॅक्टर सडकेवरच ठेवला, ट्रॉलीतला मका ताडपत्रीवर उतरवून घेतला, लांब वायररोप जोडला आणि आधी मशीन, मग ट्रॉली बाहेर ओढली. रानात मात्र कमरेएवढे चर पडले होते.

कस्तुराबाईनं चहा आणला. आप्पाच्या चहात अद्रक होतं, शेषेरावाच्या नव्हतं. हे त्याला चिखलापेक्षा जास्त लागलं.

"बोला की आप्पा काहीतरी," तो न राहवून म्हणाला. "मनात हसून राहिलाव, ठावं हाय मला."

"हसू कशाला? माझं बी आजच मशीन सांगायचं चाललं होतं. वाचलो." आप्पानं घोट घेतला. "पुढल्या साली बी आधी तुम्हीच काढा, राव. रान वाळलं का न्हाई, बरूबर कळतंय."

कस्तुराबाईनं तोंडाला पदर लावला, आणि आप्पाला अर्धा कप आणखी ओतला.