शेवंती येते

“सर, हा सिनेमा नक्की कोणी बघायचा?”

मनालीने उभं राहून हे विचारलं, आणि शाळेच्या सभागृहातली कुजबुज बंद पडली. विचारलंस तर पंख्याखालचा बाक तुझा, अशी वर्गातल्या मेघालीने पैज लावली होती. भिवंडीत वीज असेल तेवढा वेळच त्या बाकाचा उपयोग होता, पण मान चोवीस तासांचा होता.

शिवाय विचारायचा हक्क तिचाच होता. ‘शेवंती वयात येते’ या चित्रपटातली शेवंती तीच. दापोड्याच्या दौलतशेठनी भाताच्या जमिनीवर गोदामं बांधली, गोदामं भरल्यावर ते संस्कृतीकडे वळले आणि हा चित्रपट काढला. मनालीचे वडील जीवन त्यांच्याच गोदामात सुपरवायझर. त्यामुळे मुलीने सिनेमात काम करावं की नाही, हा प्रश्न घरात उद्भवलाच नाही. सिनेमात एक प्रसंग होता. शेवंती भांडी घासणाऱ्या आईला विचारते, “आई, मला काय होतंय?” तेव्हा लाइटवालेसुद्धा गप्प झाले होते. तो प्रसंग पडद्यावर बघायचा, एवढंच मनालीला हवं होतं.

“तेच ठरवायला आलोय,” मुंबईचे जाहिरात सल्लागार प्रितेशसर म्हणाले. “टार्गेट ऑडियन्स.”

“आमच्या धंद्यात गाळा कोनाचा ते आधी ठरतं, मंग पत्रा चढतो,” दौलतशेठ म्हणाले. “हितं पत्रा चढून बसलाय, भाडेकरू न्हाय.”

सबब, मुख्याध्यापिका विनिताबाईंच्या अध्यक्षतेखाली प्रेक्षक-निश्चिती समिती नेमण्यात आली. समितीचा निष्कर्ष असा : जे वयात आले नाहीत त्यांना चित्रपट कळणार नाही, जे आले त्यांना त्याची गरज नाही, आणि जे येत आहेत त्यांना तो दाखवणं योग्य नाही. मनालीची नोंद तिसऱ्या गटात झाली.

“पण बाई, त्यात मीच आहे.”

“काम करायला हरकत नव्हती, बाळ. बघणं वेगळं.”

मग प्रितेशसर यंत्रमागांच्या कारखान्यात गेले. कामगार म्हणाले, “लेडीज पिक्चर है, साब.” लेडीज म्हणाल्या, घरी विचारून सांगतो. घरी म्हणजे नवऱ्याला. नवरे म्हणाले, हा बायकांचा विषय.

शेवटी पालकांसाठी चाचणी खेळ ठेवण्यात आला. जिथे अवघडल्यासारखं होईल तिथे हात वर करायचा, तेवढा भाग समिती सन्मानपूर्वक काढील. हात असे वर झाले की मागच्या रांगेला पडदाच दिसेना. न दिसलेला भाग संशयाचा फायदा देऊन कापण्यात आला. उरलं ते असं : शेवंती दोन वेण्या घालून शाळेत जाते, एक वेणी घालून परत येते. मध्ये दौलतशेठ गोदामाची फीत कापतात.

तरी नावातला ‘वयात’ हा शब्द कुटुंबासमोर उच्चारता येईना. तोही काढला. चित्रपट झाला ‘शेवंती येते’. कुठून येते, हे प्रेक्षकांनी सुज्ञपणे समजून घ्यावं. समितीने अभिमानाने जाहीर केलं, प्रेक्षक सापडला. चित्रपट सर्वांसाठी आहे.

त्या संध्याकाळी जीवनने खुशीत पास आणले. “आता तू पन बघू शकतंस. काय वंगाळ उरलं न्हाय त्यात.”

“आणि भांड्यांचा सीन?” मनालीने विचारलं.

तिची आई तुळजा भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “त्याला पयला हात मीच वर केलावता.”

“का गं? वाईट झाला होता?”

“चांगला झाला होता. तू विचारतंस, नि ती आई निसती भांडी घासत बसते. सगला हॉल माझ्याकडंच बघाया लागला.” तुळजाने भाकरी तव्यावर टाकली. “तू मला इचारलंवतंस तवा मी पन भांडीच घासत व्हते.”

जीवनला अचानक गोदामाचं कुलूप आठवलं. तो चपला शोधू लागला.

“पप्पा, बसा,” मनाली म्हणाली. आवाज सभागृहातलाच होता. “मी ठरवलंय. हा सिनेमा मी बघणार नाही. तो तुमच्यासाठीच बनलाय, पण तुम्ही अजून वयात आला नाहीत. आलात की सांगा. कापलेला सीन मी इथंच करून दाखवीन. भांडी मात्र तेव्हा मी आधीच घासून ठेवीन, म्हणजे उत्तर द्यायला आई मोकळी असेल.”