पुढच्या बाकावरचा गुडघा

कोणत्याही संस्थेत माणूस दोन प्रकारे वागतो. नियम ठाऊक असेल तर नियमाप्रमाणे, आणि ठाऊक नसेल तर पुढे बसलेल्या माणसाप्रमाणे. यांपैकी दुसऱ्या प्रकाराला शिस्त म्हणतात. सन १९५४ ते १९६६ या बारा वर्षांत डहाणूच्या संत पेत्रूच्या देवळात ही शिस्त ज्या उंचीला पोहोचली, ती पाहता तिची नोंद कोठेतरी असावी.

संत पेत्रूचे देऊळ म्हणजे चर्च. (वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. डहाणूतल्या बाकीच्यांनाही तो शब्द सोयीचा पडला.) कौलारू इमारत, खाडीकडे तोंड, दोन्ही बाजूंना सात-सात बाके. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधीला, येणाऱ्या ख्रिस्ती माणसांची संख्या एकतीस. सणाच्या समितीची सदस्यसंख्या चौतीस. हा फरक मंडपवाला, लाउडस्पीकरवाला आणि दरवर्षी चार टोपल्या चिकू पाठवणारे पारशी शेट यांच्यामुळे पडला होता. तिघेही बैठकांना हजर राहत आणि बहुतेक ठराव त्यांच्याच सूचनेवरून होत.

एकतीस माणसे चार ठिकाणांहून आली होती. रेल्वेचे पार्सल क्लार्क आणि समितीचे सचिव जासिंत डिमेलो हे मंगळूरकडचे. बांधकामाचे कंत्राटदार पास्कू हे वसईचे. दोन कुटुंबे गोव्याची. उरलेले तलासरीच्या बाजूचे, मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांत शुक्रा हा हायवेच्या बसने येई आणि सर्वांच्या आधी पोहोचे. मिस्सा लॅटिनमध्ये असे. पाद्री लोकांकडे पाठ करून वेदीपुढे उभा राही. मिस्सेत कधी उभे राहायचे, कधी बसायचे आणि कधी गुडघे टेकायचे, याबद्दल चारही ठिकाणांचे रिवाज थोडेथोडे वेगळे होते, आणि प्रत्येकाची अशी खात्री होती की, आपल्याकडचा रिवाज थेट रोमहून आलेला आहे. लागोपाठ तीन रविवार अर्धे देऊळ उभे राहिले आणि अर्धे गुडघ्यांवर बसले. चौथ्या रविवारी पास्कूने जासिंतला कॉलर धरून खाली बसवले.

यावर समितीने ठराव क्रमांक सात संमत केला. 'यापुढे सर्वांनी पुढच्या बाकाप्रमाणे वागावे.'

ठरावाला कोणी विरोध केला नाही, कारण पुढचे बाक रिकामे असे. त्यावर 'मान्यवरांसाठी' अशी पाटी होती. आपण मान्यवर आहोत याबद्दल जासिंत, पास्कू आणि गोव्याचे थोरले गृहस्थ या तिघांनाही शंका नव्हती. मात्र तिथे आपण होऊन बसणे बरे दिसत नाही, आणि दुसऱ्याने बसवावे तर दुसऱ्यालाही तेच वाटत होते.

तीन आठवड्यांनी त्या बाकावर सोनूबाई येऊन बसली.

सोनूबाई खाडीकाठच्या होडीवाल्यांच्या घरातली, सुकी मासळी विकणारी, आणि हिंदू. तिचा मुलगा नारू वादळात सापडून तीन दिवस बेपत्ता होता. त्या तीन दिवसांत तिने परिसरातल्या सर्व देवस्थानांकडे अर्ज केले. बाकीच्यांना नारळ आणि कोंबडा कबूल केला. पेत्रू स्वतः मासे धरणारा होता असे तिने ऐकले होते, तेव्हा त्याला जास्त काही द्यावे म्हणून ती म्हणाली, "माजा नारू घरी आन. बारा वर्सं दर रविवारी पुढल्या बाकावर, तुज्या डोळ्यापुढं येऊन बसेन. एक रविवार चुकले तं तू मोकळा." नारू चौथ्या दिवशी नारगोळच्या किनाऱ्याला लागला. 'तू मोकळा' या शब्दांचा अर्थ काय होतो, हे त्यानंतर तिच्या ध्यानात आले. नारू रोज समुद्रावर जात होता.

सोनूबाईला मिस्सेचे काही ठाऊक नव्हते. तिच्या हालचाली ठरवणाऱ्या गोष्टी दोनच होत्या. पहिली, तिचा उजवा गुडघा. तो टेकत नसे, आणि फार वेळ दुमडून ठेवला तर आखडे. मग तिला उठावे लागे. दुसरी, तिची टोपली. देवळानंतर बाजार असल्याने सुक्या बोंबलांची टोपली ती बाजूच्या दाराशी ठेवी. कावळा टोपलीवर उतरला की सोनूबाई उभी राही, हात उंच करी आणि म्हणे, "हुस्स!"

ठराव क्रमांक सात अमलात होता. देऊळ उभे राहिले.

'हुस्स'बद्दल पहिल्या रविवारी थोडा संकोच झाला. परंतु मिस्सेतले लॅटिन शब्द 'डोमिनुस', 'स्पिरितुस' असेच संपत, आणि त्यांच्या पंक्तीत 'हुस्स' मुळीच वेगळा वाटत नव्हता. शुक्राने तो प्रथम म्हटला. तो मिशनमध्ये शिकलेला असल्याने त्याला माहीत असणार, असे वसईकरांना वाटले. वसईकर पिढीजात ख्रिस्ती असल्याने त्यांना माहीत असणार, असे शुक्राला वाटले. दोन महिन्यांत सर्वजण तो एका सुरात म्हणू लागले. (हातही उंच करीत. गोव्याची मंडळी दोन्ही हात.)

वेदीपाशी असणारे फादर लिगोर यांना हे दिसत नव्हते. फक्त ऐकू येत होते. आपल्या मागे माणसे एकदम उठतात आणि एका आवाजात काही पुटपुटतात, एवढे त्यांना कळे, आणि त्यांचे डोळे भरून येत. प्रवचनाच्या वेळी त्यांचे तोंड लोकांकडे असे, पण डोळे मिटून बोलण्याची त्यांना सवय होती. बोलता बोलता एखाद्या वाक्याला सभा उभी राहिली, तर फादर ते वाक्य पुढच्या वर्षी पुन्हा घेत. तलासरीच्या मुख्य मिशनला पाठवलेल्या अहवालात त्यांनी निरीक्षण नोंदवले आहे की, 'येथील लोकांची भक्ती हिवाळ्यात वाढते व पावसाळ्यात मंदावते.' हे निरीक्षण अचूक होते. हिवाळ्यात एका मिस्सेत देऊळ सरासरी अकरा वेळा उभे राही, पावसाळ्यात चार वेळा. पावसाळ्यात बोंबील वाळत नाहीत, टोपली नसे, आणि उरे तो फक्त गुडघा.

या व्यवस्थेत बारा वर्षे काही बिघाड झाला नाही. लग्ने झाली, बाप्तिस्मे झाले, सणाला बँड आला. तीन मुले अशी मोठी झाली की, ज्यांना संत पेत्रूचे देऊळ सोडून दुसरी मिस्सा ठाऊक नव्हती. त्यांतला एक नोकरीसाठी मुंबईला गेला. तिथल्या चर्चमध्ये त्याने पहिल्या रविवारी एकट्यानेच 'हुस्स' म्हटले, आणि मुंबईच्या लोकांचा धर्म किती पातळ झाला आहे, असे घरी पत्र लिहिले.

१९६६च्या जानेवारीत दोन पत्रे एकाच टपालाने आली. पहिल्यात असे होते की, फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारपासून मिस्सा मराठीत होईल आणि पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहील. दुसऱ्यात असे होते की, त्याच रविवारी मुंबईहून एक वरिष्ठ फादर पाहणीस येतील, आणि डहाणूला रविवारची मिस्सा चालू ठेवायची की एकतीस जणांना तलासरीला पाठवायचे, हे ठरवतील.

समितीची तातडीची बैठक झाली. कमानी, पताका, लाउडस्पीकर, चिकू हे विषय वीस मिनिटांत आटोपले. मग लाउडस्पीकरवाला म्हणाला, "आणि ती पुढे बसते ती?" पाहुण्यांसमोर पुढच्या बाकावर खरे मान्यवर हवेत, हे सर्वांना पटले. जासिंत आणि पास्कू यांचे शिष्टमंडळ नेमण्यात आले. (हे दोघे बारा वर्षांनी प्रथमच एका बाजूने चालत गेले.)

पाहणीच्या चार दिवस आधी ते पोहोचले, तेव्हा सोनूबाई घरापुढे बोंबील वाळत घालीत होती.

"सोनूबाई, एका रविवारचा तर प्रश्न आहे," जासिंत म्हणाला.

"तुजा एक रविवार. माजी बारा वर्सं. तीन रविवार उरलेत, जासिंता. तीन."

"मागच्या बाकावर बसा ना. देव मागेही असतो, असं फादरच सांगतात."

"मंग त्या मोठ्या फादरलाच बसव मागं."

पास्कू तापला. "अगे, तू तं ख्रिस्ती पन नाय!"

"मी कवा म्हटलं हाय म्हनून? तुमीच बगत बसता माज्याकडं."

"आम्ही तुमच्याकडे बघत नाही," जासिंत म्हणाला.

"नाय? दिवाळीच्या रविवारी मी कंबर खाजवली, तं तू कशापायी खाजवलीस?"

जासिंतने कमरेवरचा हात काढला. सोनूबाईने हातातला बोंबील दोरीवर टाकला. तिचा आवाज उतरला.

"माजा नारू रोज जातो रे समुद्रावर. मी पेत्रूला बोलले हाय, पुढल्या बाकावर. मागल्या नाय."

इतिवृत्तात 'चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली' अशी नोंद आहे.

ठरल्या रविवारी सोनूबाई नेहमीच्या वेळी आली, तेव्हा पुढचे बाक भरलेले होते. मामलेदार, स्टेशनमास्तर, पारशी शेट आणि मंडपवाला तिथे इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते. ती त्यांच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मामलेदारांनी घड्याळ पाहिले. शेवटी अगदी मागच्या, दाराजवळच्या बाकावरून शुक्रा उठला आणि म्हणाला, "आये, इथं बस." ती मागे गेली. बसताना वेदीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "पेत्रूबाबा, मी आले हाय. जागा तुज्या मानसांनी घेतली. जाब त्यांना इचार. माज्या नारूला नको."

मिस्सा सुरू झाली. वरिष्ठ फादर वेदीमागे लोकांकडे तोंड करून उभे राहिले. फादर लिगोर त्यांच्या बाजूला. आणि पहिल्याच प्रार्थनेला अडचण आली.

पुढच्या बाकावर कोणीच ख्रिस्ती नव्हते. आता उठायचे की बसायचे हे मामलेदारांना ठाऊक नव्हते. अशा वेळी जबाबदार अधिकारी खालच्याकडे पाहतो. मामलेदारांनी मागे वळून पाहिले. ठराव क्रमांक सातप्रमाणे दुसऱ्या बाकानेही मागे वळून पाहिले, मग तिसऱ्याने. सातव्या बाकापर्यंत ही नजर गेली आणि सोनूबाईवर येऊन थांबली. तेवढ्यात तिचा गुडघा आखडला. ती उठली. सगळे उठले, आणि उठलेच आहोत तर नीट दिसावे म्हणून पुरते वळले.

फादर लिगोर यांनी बारा वर्षे लोकांकडे पाठ करून मिस्सा केली होती. लोकांकडे तोंड केल्याच्या पहिल्या दिवशी त्यांना नुसत्या पाठी दिसल्या.

वरिष्ठ फादर अनुभवी होते. त्यांनी हात पसरले आणि नव्या मराठीत म्हटले, "प्रभू तुम्हांबरोबर असो."

दाराशी टोपलीवर कावळा उतरला.

"हुस्स!" सोनूबाई म्हणाली.

"हुस्स!" हात उंच करून देऊळ म्हणाले. मामलेदारही म्हणाले. पारशी शेट किंचित उशिरा म्हणाले.

मिस्सेनंतर चिकू खाता खाता वरिष्ठ फादरांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला. फादर लिगोर यांनी जासिंतकडे पाहिले, जासिंतने पास्कूकडे, पास्कूने शुक्राकडे.

"दूर जा, असा हाय," शुक्रा म्हणाला.

"कोणी?"

शुक्राने थोडा विचार केला. "जो खायला येतो, तो."

"सैतान," वरिष्ठ फादर हळूच म्हणाले आणि त्यांनी वही काढली. त्यांच्या अहवालात पाच ओळी आहेत. येथील लोक प्रार्थनेच्या वेळी दाराकडे, म्हणजे जगाकडे तोंड करतात आणि सैतानाला एकमुखाने हाकलतात. ही प्रथा स्थानिक व अत्यंत प्राचीन दिसते. तिचे जतन व्हावे. रविवारची मिस्सा चालू राहावी. शक्य तर तलासरीनेही ती प्रथा उचलावी.

निघताना जासिंत सोनूबाईजवळ थांबला. त्याला काही बोलायचे होते, पण तिनेच विचारले.

"काय रे, सगळ्यांची तोंडं कुठं व्हती?"

"तुमच्याकडे."

"मंग पुढलं बाक कुठलं?"

जासिंतने मान्य केले की, त्या दिवशी पुढचे बाक हेच होते. सोनूबाईने टोपली डोक्यावर घेतली. संध्याकाळी नारूची होडी आली, नेहमीपेक्षा लवकर आणि पापलेटांनी भरलेली. पेत्रूनेही 'पुढल्या बाका'चा अर्थ तोच लावला असावा.

पुढचे दोन रविवार ती पुन्हा पहिल्या बाकावर बसली. या वेळी तिला जासिंतने स्वतः नेऊन बसवले. तिसऱ्या रविवारी ती आली नाही. बारा वर्षे भरली होती.

त्या दिवशीही मिस्सा मराठीत होती. फादर लिगोर समोर उभे राहून, डोळे उघडे ठेवून, स्पष्ट शब्दांत सांगत होते, "उभे राहा." सर्वांना मराठी समजत होते. कोणी उभे राहिले नाही. शेवटची प्रार्थना झाली, फादर घरी गेले, देऊळ बसून राहिले. अर्ध्या तासाने सोनूबाई टोपली घेऊन बाजाराकडे चालली होती. तिने दारातून आत पाहिले.

"अजून बसलाय? उठा की मेल्यांनो!"

सगळे उठले.

सुज्ञ वाचकांना हे सारे हास्यास्पद वाटेल, आणि ते बरोबरच आहे; वाचकांच्या बाबतीत असे काही घडणे शक्य नाही. मागच्या महिन्यात तालुक्याच्या सभेत भाषण चालू असताना ते जे एकदम उभे राहिले आणि पाच मिनिटे टाळ्या वाजवीत होते, ते भाषण पटले म्हणूनच. पहिल्या रांगेतले गृहस्थ त्या वेळी खुर्चीच्या खिळ्यात अडकलेला धोतराचा सोगा सोडवायला उठले होते, हा निव्वळ योगायोग समजावा.