इटालियन खुर्ची आणि पहिला नंबर

व्यंकटरावांनी त्या उन्हाळ्यात साऱ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं, की येत्या महिन्यात आपल्या अंगणात सहाशे फुटांची बोअर घेणार आणि टँकरवाल्याला लांबूनच नमस्कार करणार. बायपासपलीकडच्या त्या कॉलनीत इमारती भराभर उठल्या होत्या, नळ मात्र अजून नकाशावरच होता. आठवड्यातून एकदा टँकर, आणि त्याच्यासाठी ड्रमांची रांग.

बोअरचा खर्च एक खुर्ची करणार होती. ते नोकरीला होते ती कंपनी बंद पडली तेव्हा साहेबांच्या केबिनमधली ही गुबगुबीत निळी खुर्ची कुणी नेईना, म्हणून व्यंकटरावांनी घरी आणली. तिचा फोटो पाहून मुंबईच्या मिहिर नावाच्या संग्राहकानं कळवलं, की खुर्ची साठ वर्षांपूर्वीची, अस्सल इटालियन आहे आणि कापडसुद्धा मूळचंच. "ओल्या फडक्यानंही पुसू नका," एवढीच त्याची खरेदीची अट.

तेव्हापासून घरात खुर्चीचा मान जावयापेक्षा मोठा झाला. पत्नी भानुमतीबाईंनी एकदा तिच्यावर टॉवेल टाकला, तर व्यंकटराव दोन दिवस बोलले नाहीत.

मिहिर येणार त्या सकाळी त्यांनी खुर्ची फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत मांडली. उजेडात कापड खुलून दिसतं, हे त्यांचं डोकं. मग ते शर्टाला इस्त्री करायला आत गेले, आणि टँकर आज एक दिवस आधीच येतोय अशी आरोळी उठली.

बाहेर येऊन बघतात तर खुर्चीमागं चाळीस ड्रम, आणि खुर्चीत शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आवडाबाई ऐसपैस टेकलेल्या.

"मावशी, जरा उठता का? खुर्ची आत घ्यायचीय."

"आता कुटं? लई मऊ हाय बाबा. गुडघ्याला आराम पडलाय."

व्यंकटराव मावशीसकट खुर्ची ओढू लागले. रांगेतून गलका झाला, "नंबर हलवायचा नाय!" रांगेचा कायदा असा, की तुमची वस्तू जागेवर आहे तोवर नंबर तुमचा, मग ती घागर असो, वीट असो की इटालियन खुर्ची. वस्तू हलली की तुम्ही शेवटी.

भानुमतीबाई दोन ड्रम गडगडवत आल्या. "अहो, आठ वर्षांत पहिल्यांदा पहिला नंबर लागलाय आपला. खुर्ची हलवलीत तर याद राखा."

"अगं, पण बोअर..."

"ती लागेल तेव्हा लागेल. आज भांडी घासायला पाणी नाही."

इतक्यात मिहिर रिक्षातून उतरला. आवडाबाईंच्या लुगड्याभोवती वाकून त्यानं कापड न्याहाळलं आणि हळूच म्हणाला, "वा. ही मी आजच नेतो."

"ए पोरा," आवडाबाई म्हणाल्या, "मागून नंबर लाव."

तेवढ्यात टँकर येऊन थांबला. ड्रायव्हरनं पाइप सोडला आणि चाळीस बायका तुटून पडल्या. ओढाओढीत पाइप हातातून निसटला, त्याचं तोंड सरळ खुर्चीकडं वळलं. आवडाबाई ऐंशीच्या असूनही वेळेवर उठल्या. खुर्चीला ते जमलं नाही.

मिहिरनं ठिबकत्या कापडावर बोट ठेवलं. बोट निळं झालं. रिक्षा अजून उभी होती, तो तिच्यात जाऊन बसला. व्यंकटरावांना रडू येत होतं, पण एवढ्या बायकांसमोर रडायचं कसं, म्हणून ते रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिले.

दोन्ही ड्रम भरून झाल्यावर भानुमतीबाईंनी खुर्चीची गादी बादलीवर धरून पिळायला घेतली. निळसर पाणी पडू लागलं.

"वाया नको जायला," त्या म्हणाल्या, "संडासाला होईल."

व्यंकटरावांनी बाह्या सरसावल्या आणि गादीचं दुसरं टोक धरलं.