उकिडव्यांच्या पांढऱ्या मोटारीच्या हरणाची हकीकत

॥ श्री ॥

प्रथम वंदन विघ्नहर्त्यास, दुसरे वंदन चार चाकांवर बसणारांस, आणि तिसरे, सर्वांहून लवून, त्यांस मागून ढकलणारांस. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, वार आदितवार, ते दिवशी एका आळीचे राज्यात जे अघटित वर्तले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील लोक मानी आणि त्यांस हसू सोसवत नाही.

त्या राज्यात रघुवीरपंत उकिडवे म्हणोन एक थोर गृहस्थ पहिल्या मजल्यावर नांदत होते. वय वर्षे एकाहत्तर. जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली आणि अनुस्वाराची चूक हातभर अंतरावरून धरिली, ऐसी त्यांची नजर आणि नजरेचा तसाच तोरा. पंतांचे वैभव दोन, एक सुहासिनीबाई आणि दुसरी पांढरी मोटार, आणि दोहोंपैकी प्रेमाचे बोलणे मोटारीशी अधिक. इमारतीचे आवारात मोटारीपुरती जागा नसल्याकारणे मोटार सव्वीस वर्षे रस्त्यावरच शिरीषाचे झाडाखाली उभी राही. कुलूप इतके झिजलेले की कोणाचीही किल्ली फिरावी, आणि थंडीत बॅटरी रुसे ती धक्क्यावाचून चालू न होई. त्यावरून त्या आळीत एक कायदा पूर्वापार चालत आला होता, तो ऐसा की कोणाचीही गाडी अडली असता हातातले काम टाकून धावावे, आधी ढकलावे आणि नावगाव मागून पुसावे. या कायद्याचे सेनापती खुद्द रघुवीरपंत. "दुसरा टाक, क्लच धर, मी सांगेन तेव्हा सोड," ही त्यांची गर्जना ऐकून आळीतली कुत्रीसुद्धा बाजूस होत.

मोटारीच्या पाठीवर, डिकीचे उजवे अंगास, तळहाताएवढा एक पोचा होता. मोटार नवी असता बाईंनी परवाना काढिला आणि एकच दिवस चालविली आणि मागे घेताना फाटकाचे खांबास टेकविली, त्याचा तो पोचा. ते दिवसापासून बाईंस चक्रास हात लावू दिला नाही, आणि घरी पाहुणा आला की चहाआधी पोच्याची कथा होई, आणि बाई मुकाट्याने कपबश्या आणीत. परंतु परवान्याची मुदत सरली की बाई एकट्या जाऊन तो नवा करून आणीत आणि पर्समध्ये जपून ठेवीत, हे पंतांस ठाऊक नव्हते.

आता खरी गोष्ट लिहितो. त्या वर्षी भाद्रपदात पंत एकटेच डोळ्यांच्या वैद्याकडे गेले होते आणि वैद्य बोलिले की, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."  किल्ली गेली म्हणजे राज्य गेले, मग आपण कोण, पेन्शन खाणारा एक म्हातारा, ऐसे त्यांस वाटले आणि त्यांनी वैद्याचा कागद जुन्या पंचांगात दडपिला. आणि मोटार चालवीत राहिले. सर्व जग त्यांस दुधात बुडविल्यासारखे दिसे, परंतु रस्ते पाठ होते, आणि बाई शेजारी बसोन "डावीकडून सायकल, पुढे खड्डा, अहो म्हैस," ऐसा गजर अखंड करीत. पंत त्यावर "गप्प बस गं, मला दिसतंय," ऐसे म्हणत आणि बाईंच्या शब्दावर मुकाट्याने चाक वळवीत.

ते आदितवारी सकाळी साडेसहास पंत दुधाची पिशवी आणण्यास खाली उतरले. तो शिरीषापासून उतारावर दहा पावलांवरील गिरणीपुढे एक मोटार अडलेली आणि चक्रापाशी एक तरणा गृहस्थ, स्वच्छ सदरा, कपाळी गंध, अत्यंत आर्जवाने बोलिला, "काका, जरा धक्का देता का? आई वाट बघतीय." आईचे नाव ऐकोन पंत विरघळले. मग पिशवी कट्ट्यावर ठेविली आणि हाळी दिली आणि गिरणीवाले सदुभाऊ खैरे पिठाचे हात पुसत आले आणि वरचे मजल्यावरील दिवेकर, जे इमारतीचे सेक्रेटरी, तेही टॉवेल खांद्यावर टाकून आले. मग पंतांनी मधोमध ठाण मांडिले आणि उजवा तळहात डिकीवर ठेविला तो एका खळग्यात असा बसला की जणू जागा त्यासाठीच राखिली होती. पंतांस क्षणभर काही आठवल्यासारखे जाहले, परंतु सेनापतीने रणात आठवणी काढू नयेत म्हणोन गर्जना केली, "दुसरा टाक, क्लच धर... सोड." मोटार खोकली आणि हादरली आणि चालू जाहली. त्या गृहस्थाने खिडकीतून हात जोडिले आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो आता." पंतांनी "आईला नमस्कार सांग आणि सावकाश जा," म्हणोन हात हलविला आणि दुधाची पिशवी घेवोन ताठ मानेने जिना चढले.

नऊ वाजता पंत उभयता सजोन खाली आले. आदले दिवशी चंपाषष्ठी होवोन वांग्याची बंदी उठली होती आणि नदीपलीकडे पंतांचे भगिनीकडे भरिताचे आमंत्रण होते. पंत किल्ली बोटाभोवती फिरवीत शिरीषाखाली गेले आणि उभे राहिले. मोटार दिसेना. प्रथम त्यांस वाटले, आज डोळ्यांनी अगदीच घात केला, पांढरी वस्तू पांढऱ्यात विरली. मग त्यांनी हात पुढे केला आणि एक पाऊल टाकिले आणि आणखी एक टाकिले आणि दोन्ही हातांनी वारा चाचपीत ते मोटार असावयाच्या जागेतून आरपार पलीकडे गेले. हातास काही लागले नाही. खाली वाकोन पाहिले तो तेलाचा डाग आणि शिरीषाची पाने, मध्ये चौकोनी कोरडी जागा. तेव्हा पंत त्या चौकोनात मधोमध खांबासारखे उभे राहिले.

बाई बोलिल्या, "अहो, गाडी कुठाय?"

पंत म्हणाले, "इथेच होती."

"ती मलाही माहितीय. आत्ता कुठाय?"

पंतांनी खिसे चाचपिले, मोटार खिशात असल्याप्रमाणे. सव्वीस वर्षांत मोटार कोणी नेली नाही, कोणी नेईल ऐसे स्वप्नीं आले नाही, आणि भर आळीतून, शंभर खिडक्यांदेखत, दिवसाउजेडी गेली, हे त्यांचे बुद्धीस शिवेना. मग बाईंनीच हाक दिली आणि आळी गोळा जाहली आणि जो तो त्या रिकाम्या चौकोनाभोवती उभा राहोन आत पाहू लागला. कोणी तेथे पाय ठेवीना. इतक्यात चौकीवरील हवालदार पिसाळ वही घेवोन आले. त्यांनी विचारिले, "शेवटची कुणी पाहिली?" त्यावर सदुभाऊ खैरे गोंधळोन बोलिले, "काय चाललंय काय? पंत, गाडी तर सकाळी तुम्हीच गॅरेजला धाडली की."

"मी?" पंत बोलिले.

"आपण ढकलली नाही का? तुम्ही, मी, दिवेकर. मी म्हटलं, मालक स्वतः मागं लागलेत, म्हणजे मेकॅनिक आला असणार. मालकाला कोण इचारतंय, गाडी कुणाची म्हणून?"

दिवेकर बोलिले, "मलाही तसंच वाटलं हो." आणि त्यांनी हातातील फोनवर फाटकाच्या कॅमेऱ्याचे चित्र काढिले आणि सर्वांची डोकी एकत्र जाहली. त्या चित्रात रघुवीरपंत उकिडवे आपलीच मोटार दातओठ खावोन ढकलीत होते आणि चोरास क्लच कसा सोडावा हे शिकवीत होते आणि शेवटी हात हलवून त्यास निरोप देत होते.  खैऱ्यांनी पिठाचा हात कपाळास लाविला तो कपाळ पांढरे जाहले, आणि कोणी हसले नाही. पंतांस चित्र नीट दिसत नव्हते, परंतु स्वतःची गर्जना कानी आली आणि तळहातास तो खळगा आठवला. सव्वीस वर्षे ज्या पोच्याची कथा सांगितली, तो हाताखाली आला आणि आपण ओळखिला नाही. मोटार गेल्याचा धक्का एक, आणि हा दुसरा त्याहून भयंकर. पंत कट्ट्यावर बसले.

हवालदारांनी वही मिटिली. "काका, रागावू नका. पण मालकानं स्वतः ढकलून, वर हात हलवून पाठवलेली गाडी मी चोरीची कशी लिहू? साहेब म्हणतील, ओळखीच्याला दिली आणि आता पलटी मारतायत. तुमची गाडी तुम्ही हातभरावरनं ओळखली नाही, हे कुणाला पटणार?"

तेव्हा पंतांस पेच पडला तो ऐसा. ओळखिले नाही म्हणावे तर कारण सांगावे लागते, आणि कारण सांगितले की मोटार परत येऊनही किल्ली जाते. आणि न सांगावे तर मोटारच जाते. सर्व आळी तोंडाकडे पाहत होती आणि बाई मात्र जमिनीकडे पाहत होत्या.   मग ज्या माणसाने जन्मभर इतरांच्या चुकांवर लाल खूण केली तो हळूच बोलिला:

"लिहा. मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भाद्रपदात डॉक्टरांनी सांगितलं आणि मी कागद लपवला. तीन महिने मी आंधळ्यासारखी गाडी चालवली. हे सगळं लिहा, आणि खाली सही कुठे करायची तेवढं बोट धरून दाखवा."

हवालदारांनी वही उघडिली आणि लिहिले आणि पंतांचे बोट धरोन ओळीवर ठेविले. बाईंनी वर जावोन पिठले लाविले. 

दुपारी तीन वाजता पिसाळांचा फोन आला की, मोटार सापडली. ऐका कशी. चोर नदी ओलांडोन पलीकडील राज्यात गेला आणि सिग्नलास थांबला तो बॅटरीने प्राण सोडिला. चोराने उतरोन आर्जव केले, आईचे नाव घेतले, गंध दाखविले, हात जोडिले, परंतु त्या राज्यात धक्क्याचा कायदा नाही. कोणी काच वर केली, कोणी भोंगा वाजविला, आणि एकही पाय गाडीतून खाली आला नाही. मग वाहतुकीचा शिपाई येतो ऐसे पाहोन चोर "कुणालातरी आणतो," म्हणाला आणि गल्लीत शिरला तो परतला नाही. आणि मोटार भर चौकात अनाथ उभी राहिली.

मग पंत आणि बाई आणि खैरे रिक्षाने तेथे पावले. पिसाळ आधीच उभे होते. पंतांनी सवयीने किल्ली काढिली आणि उजवे अंगाचे दारापाशी गेले, आणि तेथे हात थांबला.  बाईंनी पर्स उघडोन परवाना काढिला आणि हवालदारांस दाखविला आणि मग पंतांपुढे हात पसरला. पंतांनी किल्ली दिली. बाई आत बसल्या, पदर खोचिला, आरसा आपल्या उंचीस लाविला आणि किल्ली फिरविली तो अर्थातच काही जाहले नाही.

"ढकला," बाई बोलिल्या.

मग खैरे आणि हवालदार दोहोंकडून लागले आणि मधोमध रघुवीरपंत. त्यांनी उजवा हात डिकीवर फिरविला, खळगा शोधिला आणि त्यात तळहात ठेविला. गर्जनेसाठी तोंड उघडिले, तो आतून बाईंचा आवाज आला, "दुसरा टाकलाय. क्लच माझा मी सोडते." आणि तीन माणसांनी जोर केला आणि मोटार चालू जाहली आणि धूर सोडून निघोन गेली. पंत रस्त्याचे मध्यावर उभे राहिले, हात तसाच पुढे, आणि त्यांच्या दृष्टीने मोटार पांढऱ्यात विरोन गेली. एका दिवसात दुसऱ्यांदा त्यांनी ती ढकलून घालविली होती. 

मग पुढून भोंगा वाजला. बाईंनी वळणावर मोटार चालू ठेवोन थांबविली होती आणि डावे अंगाचे दार उघडिले होते. पंत आवाजाचे रोखे चाचपीत गेले आणि त्या बाजूस सव्वीस वर्षांत प्रथमच बसले.  मग पंत म्हणाले, "तुला राग नाही आला? लपवलं मी तुझ्यापासून."

बाई रस्त्याकडे पाहत बोलिल्या, "पंचांगं, जुनी-नवी, घरात कोण बघतं? मीच ना? भाद्रपदातच सापडला मला तो कागद. मी इतके दिवस सायकल, खड्डा, म्हैस उगीच ओरडत होते का? किल्ली हिसकावली असती तर तुम्ही अंथरूण धरलं असतंत. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. चुकलंच माझं. पण शेजारची जागा मी एक दिवस सोडली नाही."

 पंतांनी खिडकीबाहेर तोंड केले. बाहेर काय होते ते त्यांस दिसत नव्हते, आणि त्या वेळी डोळ्यांत मोतीबिंदूशिवाय आणखीही काही होते. खैरे रिक्षाने परतले, आणि दोघे भगिनीकडे गेले आणि गार भरीत जेवले.

एवंच, मोटार एका आळीच्या चांगुलपणाने गेली आणि दुसऱ्या चौकाच्या कोडगेपणाने परत आली. पौषात पंतांचे दोन्ही डोळे निवळले, कुलूप नवे जाहले. धक्क्याचा कायदा मोडावा काय, ऐसे आळीने पुसिले असता पंत बोलिले, "मोडू नका. फक्त आधी पुढे जाऊन तोंड बघा, मग मागे या." डोळे बरे जाहल्यावर बाईंनी किल्ली पुढे केली ती पंतांनी घेतली नाही. हल्ली घरी पाहुणा येतो, पंत चहा करितात, आणि पोच्याची कथा बाई सांगतात.