डोक्याची सरासरी

मोजमापाच्या बाबतीत माझा हात धरील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मुलांना मोजायला शिकवलं. टेबलाची लांबी, खिडकीची उंची, बादलीत मावणारं पाणी, काय म्हणाल ते. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. रोज दुपारी चार ते पाच मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा मुलांना गणित शिकवतो. अशा माणसाच्या हातून स्वतःच्याच डोक्याचं माप चुकेल असं कुणी म्हणालं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. आता गल्लीतले बाकीचे हसतात.

झालं असं की वाचनालयाने त्या मागच्या खोलीला रंग दिला, नवे बाक आणले आणि ठरवलं की भिंतीवर माझा आणि मुलांचा एक मोठा फोटो लावायचा. रविवारी सकाळी दहा वाजता, अंगणात, भर उन्हात. घरी येऊन बातमी सांगितली तेव्हा बायकोने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या टकलाकडे पाहिलं.

"एक हॅट घ्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"मागच्या फोटोत तुमचं डोकं इतकं चमकलं की शेजारच्या दोघांचे चेहरेच गेले. त्यातला एक माझा होता."

 ती मला जुन्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेली. बंद पडलेली घड्याळं, तीन पायांचं टेबल, मूठ नसलेल्या छत्र्या, आणि त्या सगळ्यांत मधोमध एक तपकिरी हॅट. रेशमी फीत, कडेला बारीक शिलाई. दुकानदाराने फुंकर मारून धूळ माझ्या चष्म्यावर पाठवली आणि हॅट माझ्या डोक्यावर ठेवली. किटलीवर दुसऱ्याच किटलीचं झाकण ठेवावं तशी ती बसली. मी मान हलवली, ती खाली पडली.

"आधीच्या मालकालाही अशीच बसायची," दुकानदार म्हणाला.

"म्हणून विकली वाटतं त्याने?"

"त्याने नाही. त्याच्या मुलांनी."

"अहो, रुबाब बघा किती आहे," बायको म्हणाली.

"रुबाब आहे. पण तो माझ्या डोक्याच्या चार बोटं वर आहे."

तिचं म्हणणं, जुन्या वस्तूला एक ओळख असते, नवी काय, कुणीही करून घेतं. माझं म्हणणं, दुसऱ्याच्या डोक्यावर मुरलेली हॅट म्हणजे दुसऱ्याच्या तोंडातला दात. वाद घरापर्यंत चालला. घरी आल्यावर कळलं की वाद घालता घालता तिने ती हॅट विकत घेऊन पिशवीत टाकलेली होती.

"असू दे," ती म्हणाली. "तुमची नवी फसली तर उपयोगी पडेल."

आता मात्र माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला. मी तडक टोपीवाल्या बाईंकडे गेलो. त्यांच्या दुकानात भिंतभर लाकडी डोकी मांडलेली आहेत, प्रत्येकाच्या कपाळावर आकडा. बाईंनी गळ्यातली टेप काढली.

"बसा, माप घेते."

"बाई, माप मी उद्या आणून देतो. तुम्ही फक्त हॅट करा."

"डोकं इथे असताना?"

"उद्या मुलांना सरासरी शिकवायची आहे," मी समजावलं. "इतकं चांगलं उदाहरण फुकट कुठे मिळणार?"

बाईंनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. "मग ऐकून ठेवा. लोकरीचं हे कापड एकदा वाफेवर मऊ करून ठोकळ्यावर ताणलं की परत आवळत नाही. चिठ्ठीवर जे लिहाल तेच होईल."

आता आमच्या वर्गाची ओळख करून देतो. एक आहे वकील, त्याला प्रत्येक उत्तरावर हरकत असते. एक घड्याळ, त्याला न विचारता वेळ सांगायची सवय. दोन जुळे भाऊ आहेत, त्यांना आम्ही जोडाक्षर म्हणतो. पाचवा पोटदुखी, त्याचं पोट फक्त भागाकाराच्या वेळी दुखतं. आणि सहावी पुटपुट.

पुटपुट आठ वर्षांची. चार महिने ती माझ्याकडे येत होती आणि चार महिन्यांत तिने जे काही उत्तर दिलं ते स्वतःच्या कॉलरला दिलं. मला कधी ऐकूच आलं नाही. तिची आई दवाखान्यात परिचारिका आहे. आठवड्यापूर्वी ती मला म्हणाली होती, "आजोबा, महिनाअखेरपर्यंत बघते. तोंडच उघडणार नसेल तर काढून घेते तिला. रोज घाबरायला कशाला पाठवायचं?" महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

तर दुसऱ्या दिवशी मी वर्गात खुर्चीवर बसलो, मुलांना लोकरीचा धागा आणि तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी दिली, आणि डोकं पुढे केलं. वकिलाने मोजलं सत्तावन्न. जोडाक्षरातल्या थोरल्याने अठ्ठावन्न. धाकट्याने मोजलंच नाही, भावाचा आकडा आपला म्हणून सांगितला. घड्याळ म्हणाला, "सत्तावन्न, आणि चार वाजून बावीस मिनिटं." पोटदुखीचा धागा सैल होता, त्याचे एकोणसाठ आले.

मग पुटपुट आली. तिने माझ्या डोक्याभोवती धागा असा गुंडाळला की जणू ते अंडं आहे. बाकावर पट्टी ठेवून, सरकवून, पुन्हा सरकवून, ओठ हलवत तिने मोजलं. मग मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी."

चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला. चांगला गोड आवाज होता. आकडा तेवढा भलता होता.

"आजोबा," वकील उठला, "अठ्ठ्याऐंशी म्हणजे तर..."

"वकीलसाहेब, तुम्हाला बोलावू तेव्हा बोला."

"पण आजोबा..."

"या वर्गात कुणाचं माप वाया जात नाही. सगळ्यांचे आकडे मिळवा आणि सहाने भागा."

पोटदुखीने पोट धरलं, पण भागाकार झाला. बासष्ट आणि वर बरंच काही. "म्हणजे त्रेसष्ट धरू," मी म्हणालो. मनात बेत पक्का होता. पाच वाजले की मुलं घरी जातील, मी गुपचूप टोपीवाल्या बाईंकडे जाईन आणि चिठ्ठीवर अठ्ठावन्न लिहीन. सापही मरेल आणि काठीही शाबूत राहील.

पण वकिलाने चिठ्ठी अगदी रीतसर लिहिली. सहा जणांनी खाली सह्या केल्या. आणि चिठ्ठी कोण नेऊन देणार असं विचारल्यावर पुटपुटने हात पुढे केला. टोपीवाल्या बाईंचं दुकान तिच्या घराच्या वाटेवरच होतं. जी मुलगी चार महिन्यांत स्वतःहून खडूसुद्धा मागायला आली नव्हती, तिला मी काय म्हणून अडवणार?

ती गेल्यावर मी धावलो. माझ्या वयात भरभर चालण्याला धावणं म्हणतात. दुकानात पोहोचलो तर पुटपुट आणि तिला न्यायला आलेली तिची आई आधीच गल्ल्यापाशी उभ्या. चिठ्ठी बाईंच्या हातात. बाईंनी चिठ्ठी पाहिली, माझं डोकं पाहिलं, पुन्हा चिठ्ठी पाहिली.

"त्रेसष्ट?"

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

"मला जे दिसतंय ते तर..."

"बाई, दिसण्यावर जाऊ नका."

"आजोबा, काय सांगू," पुटपुटची आई म्हणाली, "दारातून निघाली तेव्हापासून बोलतेय. आजोबांच्या हॅटमध्ये माझं पण माप आहे म्हणे. कान खाल्ले माझे." एवढं सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की माझ्या तोंडातला अठ्ठावन्न आतच राहिला.

मी बाईंना डोळा मारला. त्यांना कळलं नाही. पुन्हा मारला.

"डोळ्यात काही गेलं का?" परिचारिकाबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता माझी पापणी उलटी केली. पुढची पाच मिनिटं मी टोपीवाल्या बाईंना डोळा मारणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेलो. हॅट वाफेवरून निघून त्रेसष्टच्या ठोकळ्यावर ताणून बसली होती.

"एवढी घाई कशाला केलीत?"

"रविवारी हवी म्हणालात ना," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी हॅट घातली. करड्या रंगाची, सुरेख, हलकी. ती कपाळावर थांबली नाही, भुवयांवर थांबली नाही, नाकावर येऊन टेकली. आत पूर्ण अंधार होता. पण शिलाई उत्तम होती, एवढं बोटांना कळलं.

"अहो, कुठे गेलात?" बायकोचा आवाज आला.

"इथेच आहे."

"थांबा, त्या टोपीवालीलाच विचारते." तिने चपला घातल्या. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी हॅटच्या आतूनच सगळं सांगितलं. चेहरा दिसत नसला की कबुली सोपी जाते.

"सरासरी काढली?" ती म्हणाली. "स्वतःच्या डोक्याची? डोकं एकच असताना?"

मी हॅट वर उचलली. ती परत नाकावर आली.

"मग ही जुनी घाला. सुटला प्रश्न."

"नाही गं. मी ही घातली नाही तर ती पोरगी विचारणार, का नाही घातली? आणि मग पुन्हा कॉलरशी बोलायला लागणार."

बायकोने चपला काढल्या. मग कपाट उघडून तिने माझा हिवाळ्यातला मफलर काढला. "बसा," म्हणाली. दोन वेढे डोक्याला दिले, वर वर्तमानपत्राची घडी खोचली आणि त्यावर हॅट दाबली. बसली! आरशात एक प्रतिष्ठित गृहस्थ दिसला. फक्त त्याच्या कानामागून घाम वाहत होता. बायकोने जुनी हॅट मुकाट्याने पिशवीत टाकली.

अंगणात मुलं पुस्तकं आणि कंपासपेट्या घेऊन तयार होती. फोटोतही अभ्यास दिसावा असं ग्रंथपालबाईंचं मत होतं. मुलांचे आईवडील सावलीत उभे. पुटपुट माझ्याजवळ आली, हॅटची कड बोटाने चाचपली.

"बसली ना आजोबा?"

"तंतोतंत," मी म्हणालो. आयुष्यात मी मुलांशी फार कमी वेळा खोटं बोललो आहे, आणि ते इतकं उकडत असताना तर कधीच नाही.

फोटोग्राफरने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. "आजोबा, तोंडावर सावली पडतेय. हॅट थोडी मागे."

मी मागे सरकवली. मफलरचं एक टोक कानावरून खाली आलं.

"ती शेपटी कसली?" फोटोग्राफरने विचारलं.

जोडाक्षरातल्या धाकट्याला शेपटी दिसली की ओढल्याशिवाय राहवत नाही. त्याने ओढली. जादूगाराच्या बाहीतून रुमाल निघावेत तसा मफलर निघत राहिला. वर्तमानपत्र माझ्या नाकावरून घरंगळलं आणि त्याच्या पाठोपाठ हॅट थेट नाकावर. अंधार. मी सावरायला एक पाऊल बाजूला टाकलं, तिथे तिकाटणं होतं. तिकाटण्यामागे फोटोग्राफर होता. आम्ही तिघंही हिरवळीवर आडवे झालो.

"मी तेव्हाच सांगत होतो," अंधारात मला वकिलाचा आवाज ऐकू आला. "अठ्ठ्याऐंशी म्हणजे हत्तीचं डोकं."

मी हॅट वर केली. पुटपुट हिरवळीवरच्या वर्तमानपत्राकडे बघत होती. हनुवटी कॉलरमध्ये गेली होती. तिची आई पुढे आली आणि तिने तिचा हात धरला.

"चल बाळा, घरी जाऊ."

"उन्हाचा परिणाम आहे हा," मी घाईघाईने म्हणालो. "उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात. हॅट सकाळी चांगली बसत होती."

पुटपुटने आईचा हात सोडवला. ओढाताणीत मफलरचा एक धागा लांबच लांब उसवला होता, तो तिने तोडला. खाली बसलेल्या माझ्या डोक्याभोवती गुंडाळला. कंपासपेट्यांच्या ढिगाऱ्यातून पट्टी काढली आणि पायरीवर मोजायला बसली. एकदा मोजलं. परत मोजलं. मग हॅटच्या आतून धागा फिरवला आणि तेही मोजलं. फोटोग्राफर कॅमेऱ्याची काच पुसायची विसरला. पोटदुखीने पोटावरचा हात काढला.

"डोकं अठ्ठावन्न," ती म्हणाली. आवाज पार फाटकापर्यंत गेला. "मी त्या दिवशी एक पट्टी जास्त मोजली. तीस जास्त. तीस भागिले सहा, पाच. म्हणून हॅट पाचने मोठी झाली."

वकिलाने बोटांवर करून पाहिलं आणि हरकत घेतली नाही.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"होतं," मी म्हणालो.

"मग सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

तिने जरा विचार केला. "वाटलं असतं," ती म्हणाली. "मग मी परत मोजलं असतं."

चौतीस वर्षं शिकवल्यावर मला कुणीतरी एका ओळीत शिकवलं होतं. मी हॅट झटकत बसलो. तिची आई माझ्याजवळ आली. पुटपुटचं नाव ती आता काढून घेणार, या धास्तीने मी उठलोच नाही.

"राहू दे तिला तुमच्याकडे," ती म्हणाली. "तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच आहे."

फोटो शेवटी निघाला. पुटपुटने बायकोच्या पिशवीतली जुनी हॅट मोजली, चोपन्न निघाली, आणि ती तिच्या डोक्याला वेणीसकट छान बसली. नवी हॅट जोडाक्षराच्या दोन्ही डोक्यांवर मिळून ठेवली. मी बोडका. बायको म्हणते शेवटी जुनीच फोटोत शोभली, आणि मी यावर वाद घालत नाही.

पुटपुट आता पहिल्या बाकावर बसते. फळ्यावर मी काही लिहिलं की उठते, पट्टी घेते, तपासते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. गेल्या आठवड्यात तिने माझी तीन उदाहरणं चुकीची म्हणून पुसून टाकली. त्यातली दोन बरोबर होती. ते तिला सांगायला मी योग्य वेळ शोधतो आहे.