मुळा आणि सेंद्रिय या शब्दाचं मूळ

मुलांनो, एका जंगलात एक सिंह होता आणि त्याचं पोट बिघडलं होतं. तुमचं पोट बिघडलं की शाळा बुडते. सिंहाचं बिघडलं की सगळ्या जंगलाची झोप उडते.

वैद्य अस्वलाने नाडी पाहिली. "महाराज, यापुढे फक्त सेंद्रिय खायचं."

"म्हणजे काय?"

अस्वलाला ठाऊक नव्हतं. गावच्या बाजारात पाटी पाहिली होती, एवढंच. पण वैद्याने असं सांगायचं नसतं.

"म्हणजे चांगलं," ते म्हणालं.

ससा तिथेच होता. "महाराज, माझा मुळा सेंद्रिय आहे!"

सिंह मुळा खाऊ लागला. तोंड वाकडं करून, पण खाऊ लागला. सशाची पिल्लं पहिल्यांदाच बिळाबाहेर खेळली. ससा इतका सुखात कधीच नव्हता.

मग रानडुकराने सुरणावर तीच पाटी लावली. सशाचं डोकं फिरलं.

"सुरण कसला सेंद्रिय? महाराज, या शब्दाचा अर्थ एकदा ठरूनच जाऊ दे!"

शब्दांचे पंडित म्हणजे साळिंदर आजोबा. त्यांना दरबारात बोलावलं.

"स अधिक इंद्रिय," आजोबा म्हणाले. "इंद्रियांसह असलेलं, ते सेंद्रिय. रसायनशास्त्राने पुढे वेगळा अर्थ लावला. पण मूळ हे असं."

"इंद्रियं कोणती?" सिंहाने विचारलं.

"डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा."

सिंहाने हातातला मुळा उलटसुलट करून पाहिला. "याला कान नाहीत."

"नाहीत," आजोबा म्हणाले.

"सुरणालाही नाहीत."

"नाहीत."

रानडुक्कर हळूच मागच्या मागे सटकलं. सिंहाने सशाकडे पाहिलं. मुलांनो, सशाचे कान तुम्ही पाहिलेच आहेत.

"आजोबा, तो नंतरचा अर्थ सांगा ना!" ससा रडकुंडीला आला. "माझी पिल्लं बाहेर खेळताहेत हो!"

"सांगतो की. मात्र मूळ अर्थ तोच राहणार," आजोबा शांतपणे म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. पण व्युत्पत्ती बरोबर होती.

सिंहाने वैद्याचं पथ्य काटेकोर पाळलं. त्याचं पोटही सुधारलं. अस्वलाचा मोठा सत्कार झाला.

आता तुम्ही विचाराल, इंद्रियं तर साळिंदर आजोबांनाही होती. होती ना. पण काटेही होते.

तात्पर्य: शब्दाच्या मुळाशी जरूर जावं. आधी आपल्या अंगावर काटे आहेत का, तेवढं बघावं. नसतील तर मुळा विकावा आणि गप्प बसावं.