ठोसर एकटे चालतात

एकट्यानं चालायचा सराव करताना ठोसरांना सोबत लागत असे. सोबत म्हणजे मी. रविवारी सकाळी ते भवानीपूरच्या आमच्या घराचा जिना धाडधाड चढून वर येत, दार वाजवत आणि म्हणत, "चला लिमये, आज मला एकट्याला गार्डन रीचपर्यंत जायचंय."

"मग मी कशाला?" मी डोळे चोळत विचारी.

"मुद्दा काय, तर मी एकटा चालतोय हे बघायला कुणीतरी नको का? तुम्ही आपले जरा मागून या. बोलायचं नाही. मी बोललो तरी उत्तर द्यायचं नाही."

आतून माझी बायको म्हणे, "जा हो, मलाही जरा शांतता." मग मी निघे. पहिल्या वळणापर्यंत ठोसर ताठ मानेनं चालत. दुसऱ्या वळणाला थांबून म्हणत, "अहो, तुम्ही फारच मागं राहता!" तिथून पुढं आम्ही खांद्याला खांदा लावून चालू लागत. एकांत माणसाला किती आवश्यक आहे, हे ठोसर मला गार्डन रीचपर्यंत सांगत आणि परतताना ट्राममध्ये शेजारच्या माणसाला सांगत.

ठोसर आमच्या खालच्या मजल्यावर राहत. खिदिरपूरच्या गोदीत एका शिपिंग कंपनीत नोकरी, निवृत्ती जवळ आलेली. पत्नी वारली तेव्हा मुलगी शालन लहान होती. तेव्हापासून ह्या माणसाला एकट्यानं जेवता येत नसे. ताट वाढलेलं असलं तरी समोर कुणी बसल्याखेरीज घास तोंडात जात नसे. शालन शाळेत शिकवायला जाऊ लागल्यावर त्यांनी रजा घेतली की दुपारी पंचाईत होई. एकदा त्यांनी मनीऑर्डर घेऊन आलेल्या पोस्टमनला पाटावर बसवून वरणभात खायला लावला होता. त्या बिचाऱ्याचं बाकीचं टपाल संध्याकाळी पोचलं, आणि गल्लीभर बोंब झाली.

आणि ह्याच कारणानं शालन लग्नाला तयार नव्हती. इंदूरचं स्थळ आलं, तिनं नाही म्हटलं. पुण्याचं आलं, तेही नको. आता नागपूरचा एक प्रोफेसर सांगून आला होता. मुलगा शालनला आवडला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण विचारलं की ती म्हणे, "बाबांच्या समोर कोण बसणार?" मुलीचं वय वाढत होतं आणि नागपूरकर काही जन्मभर थांबणार नव्हते.

नेमक्या अशा वेळी ठोसरांनी जाहीर केलं की आपण जपानला जाणार. तिथं एका बेटाभोवती फार जुनी यात्रा आहे, अठ्ठ्याऐंशी देवळांची, ती पायी करणार. आणि एकटे करणार! कलकत्त्यातल्या आपल्या मराठी मंडळींत गणपतीच्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. "मुलगी उजवायची सोडून हा बाबा जपानात भटकणार," असं बायका हळदीकुंकवाला उघड बोलत. ठोसरांना त्याचं काहीच वाटत नसे. ते उलट शालनलाच विचारत, "मी जपानला गेल्यावर तू ह्या घरात काय करणार? कुलूपच लागणार घराला. त्यापेक्षा नागपूरला कळवून टाक."

जपानचं हे वेड त्यांनी गोदीतून आणलं होतं. एका जपानी जहाजावरचा म्हातारा अधिकारी सही घ्यायला आला आणि ठोसरांच्या तावडीत सापडला. त्याची आई म्हणे ती यात्रा एकटी चालून आली होती. यात्रेकरू पांढरे कपडे घालतात, डोक्यावर बांबूची टोपी, हातात काठी. काठी म्हणजे नुसती काठी नव्हे, कुण्या एका जुन्या साधूची ती सोबत. म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी काठीचे पाय धुवायचे, मग आपले. पुलावर काठी टेकवायची नाही, कारण पुलाखाली तो साधू झोपलेला असेल. आणि वाटेत कुणी काही दिलं तर नाही म्हणायचं नाही.

ठोसरांनी सगळा सरंजाम जमवला. टोपीसाठी बंगाली शेतकरी शेतात घालतात तो टोका आणला. काठी म्हणून शालनची कपडे वाळत घालायची काठी उचलली. ती त्यांच्यापेक्षा हातभर उंच होती. खिदिरपूरचा पूल आला की ते ती उचलून आडवी धरत. पूल गर्दीचा. एकदा डावीकडच्या गृहस्थांची छत्री उडाली आणि उजवीकडच्या बाईच्या टोपलीतली वांगी रस्त्यावर लोळली. ठोसर वांगी वेचता वेचता तिला त्या साधूची हकीकत सांगू लागले. बाई एवढ्या शिव्या देत होती, पण शेवटी पुलाच्या कठड्यावरून वाकून खाली कोण झोपलंय ते बघायला लागली.

पण खरा घोटाळा झाला तो कपड्यांमुळे. यात्रेकरू दाढी करत नसणार, असं ठोसरांनी आपल्या मनानंच ठरवलं. बुटांनी पाय सोलवटले म्हणून अनवाणी चालू लागले. टोका शालननं लाजेपायी माळ्यावर लपवला होता. तेव्हा दाढीचे खुंट वाढलेले, पाय अनवाणी, अंगावर कोरं पांढरं धोतर आणि पांढरंच उपरणं, काखेत बसायला कांबळ्याची घडी, अशा थाटात ते आठवडाभर गल्लीतून फिरले. आता बंगाल्यांत माणूस ह्या वेषात एकाच वेळी फिरतो. आईबाप गेल्यावर! वीस-पंचवीस वर्षं कलकत्त्यात काढलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. पण ठोसर सतत बोलत असत, त्यामुळे आजूबाजूला बघायला त्यांना सवडच मिळाली नव्हती.

समोरच्या घरातले घोषालबाबू एका सकाळी आले, ठोसरांच्या खांद्यावर हात ठेवून "आहा, आहा" म्हणाले आणि डोळे पुसत निघून गेले. मागोमाग त्यांच्याकडून केळी, भिजवलेली मूगडाळ आणि खडीसाखर आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुखर्जींकडून शहाळी. ठोसर हरखून गेले. "बघा लिमये! यात्रेकरूला न मागता द्यायची चाल इथंही आहे. नाही म्हणायचं नाही, नियम आहे." असं म्हणून मला अर्धं केळं दिलं. गल्लीतल्या दहा-बारा घरांची फळं त्यांनी नियमाला धरून संपवली. मग घोषालबाबूंनी हलकेच विचारलं, "श्राद्ध कबे, ठोसरबाबू?"

ठोसरांच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. पण एवढी फळं खाल्ल्यावर कुणीच मेलं नाही असं सांगणार कसं? त्यांनी घाईघाईनं वाईच्या मावशीला मारलं. आईच्या जागी होती, तिनंच मला वाढवलं, वगैरे वगैरे. शालननं कपाळावर हात मारून घेतला आणि सगळ्या गल्लीला पुरणपोळ्या करून घातल्या. घोषालबाबू ओरपून जेवले आणि मावशी फार पुण्यवान होत्या म्हणाले. पुढे कित्येक दिवस ते मावशीच्या आठवणी ऐकायला येत. ठोसर रोज नवी आठवण सांगत आणि सांगता सांगता स्वतःच रडत. ती मावशी वाईला धडधाकट होती आणि दिवाळीला लाडवांचा डबा पाठवत असे.

इतकं झाल्यावर शालननं एक दिवस पदर खोचला. "बाबा, तुम्ही एकटे राहू शकता, असं म्हणता ना? मग गार्डन रीचच्याही कितीतरी पुढं, बजबजपर्यंत चालत जाऊन दाखवा. लिमयेकाका बरोबर येणार नाहीत. वाटेत कुणाला गाठायचं नाही. गेलात, तर मी नागपूरला होकार कळवते. नाहीतर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

ठोसर पहाटे काठी घेऊन निघाले. ते दिसेनासे झाल्यावर शालन माझ्याकडे आली. "काका, तुम्ही गाडीनं बजबजला जा. उन्हाचं कुठं चक्कर येऊन पडले तर? त्यांना दिसू नका फक्त."

मी माझेरहाट स्टेशनावर गाडी पकडली. दुपारी बजबजला नदीकाठच्या रस्त्यावर ज्यूट गिरणीजवळ मोठा घोळका दिसला. गिरणीतून सुटलेले कामगार, एक चुरमुरेवाला, एक गोसावी, दोन नावाडी आणि मधोमध चहाच्या दुकानाच्या बाकावर ठोसर! पाय बादलीत, काठी आभाळात. "मुद्दा क्या," ते ओरडून सांगत होते, "एकदम अकेला चलने का! किसी से बात नहीं!" घोळका माना डोलावत होता. मागून कळलं की तो चुरमुरेवाला खिदिरपूरपासून त्यांच्याबरोबर चालत आला होता आणि त्यानं वाटेत एक चुरमुराही विकला नव्हता.

मला बघताच ठोसरांचा चेहरा उतरला. ते ओल्या पायांनीच उठले, मला नदीच्या बाजूला ओढत घेऊन गेले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"लिमये, शालनला सांगू नका."

"अहो, पण जपानात काय कराल? तिथं असा घोळका कुठला?"

"जपानात कोण जातंय!" ते म्हणाले. "खिदिरपूरच्या पुलापर्यंत कसाबसा एकटा आलो. तिथं छातीत धडधडायला लागलं. मग तो चुरमुरेवाला दिसला. अहो, मला घरात दोन खोल्यांत एकट्याला बसवत नाही."

"मग हे सोंग कशासाठी?"

ठोसरांनी माझे हात सोडले. "पोरगी माझ्यापायी बसून राहिलीय. तू जा, मी राहीन, असं शंभरदा सांगितलं. तिला पटत नाही. मुद्दा काय, तर मुलींचा बापाच्या शहाणपणावर विश्वास नसतो, खुळावर असतो. म्हटलं, मला एकटं राहायचं खूळ लागलंय असं तिला वाटू दे."

त्या क्षणी मला त्यांचे सगळे रविवार एकदम कळले. परतीच्या गाडीत ते वेगळ्या डब्यात बसले, मी बरोबर होतो हे कळू नये म्हणून. पण पुढच्याच स्टेशनावर कंटाळून माझ्या डब्यात आले.

उतरल्यावर ते मुद्दाम मागं रेंगाळले आणि मी त्यांच्या आधी घरी पोचलो. शालन चुलीवर पाणी तापवत होती. मी म्हटलं, "अगदी एकटे होते हो. कुणाशी अवाक्षर नाही."

ती माझ्याकडे बघून हसली. "काका, किती जण होते?"

मी उगाच चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बाबा जपानला जाणार नाहीत, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "पण ह्या वयात फोड आलेल्या पायांनी ते बजबजपर्यंत गेले. कशासाठी गेले तेही माहीत आहे. आता मी नाही म्हटलं तर त्यांची एवढी मेहनत फुकट जाईल. मी उद्याच नागपूरला कळवते. त्यांना मात्र कळू देऊ नका. मला खरं वाटलं, असंच सांगा." मग ती पाण्याकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "मी गेल्यावर रात्री त्यांच्यासमोर बसाल ना?"

लग्न मार्गशीर्षात कलकत्त्यातच झालं. वाईची मावशी नऊवारी नेसून हजर झाली. ती कैलासवासी मावशीची जुळी बहीण आहे, असं ठोसरांनी घोषालबाबूंना सांगितलं आणि त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला.

संध्याकाळी हावड्याला आम्ही दोघं शालनला पोचवायला गेलो. गाडी हलेपर्यंत ठोसर जावयाला जपानची माहिती देत होते. वाटेत फराळाचं काय, जहाज कुठून सुटतं, सगळं. शालन खिडकीतून म्हणाली, "बाबा, जपानहून पत्र टाका हं." "टाकणार म्हणजे काय!" ठोसर म्हणाले. गाडी गेली. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावरही ते हात हलवत होते.

मग त्यांनी मला विचारलं, "लिमये, तिला खरं वाटलं ना?"

"अगदी खरं वाटलं," मी म्हणालो.

"मग झालं." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

ट्राममध्ये ते खिडकीशी बसले आणि काहीच बोलेनात. शेजारी एक जाडजूड मारवाडी गृहस्थ होते, त्यांच्याकडेही ठोसरांनी पाहिलं नाही. मला ते सहन होईना. मी बोलायला लागलो. ऑफिसातली भांडणं, कोळशाचे भाव, मासळीबाजारातली गर्दी, तोंडाला येईल ते. भवानीपूर येईपर्यंत मी एकटाच बोलत होतो, आणि थांबायची मला भीती वाटत होती.